मी, राणीसरकारांचे पाय

मित्रांनो, मी एक जुनी रानवेल आहे. एका घराच्या मागच्या भिंतीवर, गच्चीचे पाणी खाली आणणाऱ्या पाइपाला वेढे घालून मी उभी आहे. उभी आहे असे मी म्हणते. घराचे मालक म्हणतात, पसरली आहे. शेजारी म्हणतात, माजली आहे. माणूस माजला तर लोक त्याला वाट करून देतात. वेल माजली की कोयता शोधतात. म्हणून मी तरुणपणापासून जरा दबकूनच माजत आले.

माझे नाव मोरवेल. कुणी रानजाई म्हणतात. बरेच जण काहीच म्हणत नाहीत, नुसते ओलांडून जातात. आमचे घराणे मूळचे इथलेच. माणसांनी भिंती बांधल्या त्याच्या कितीतरी आधीपासून आम्ही झुडपांवर चढत होतो. तरी "ही कुठून आली?" असे विचारतात ते आम्हालाच.

माझा जन्म एका उतारावर, बोरीच्या झुडपाखाली झाला. आमच्या प्रत्येक बीला पांढऱ्या पिसासारखी शेपटी असते. वारा आला की ती शेपटी उभारून लेकरांनी मुलूखगिरीला निघायचे, अशी आमच्यात रीत आहे. मी आणि माझी एक बहीण त्याच थाटात निघालो आणि आईच्या पायाशीच पडलो. आळस आमच्या घराण्यात नाही. त्या दिवशी वारा कमी होता.

आम्ही दोघी वीतभर झालो तेव्हा एक नर्सरीवाला आला आणि त्याने आम्हाला मुळासकट उचलले. मला वाटले, आपले रूप पाहून नेतो आहे. नर्सरीत नेऊन कुंड्यांत लावले, चांगले खत घातले, वेळेवर पाणी दिले. आम्ही फुलून गेलो. मग एका सकाळी तो चाकू घेऊन आला आणि मातीपासून चार बोटांवर आमची डोकी उडवली. उरलेल्या खुंटाला चीर पाडली, तीत दुसऱ्याच एका वेलीची काडी खोचली आणि वरून पट्टी बांधली.

मित्रांनो, याला कलम करणे म्हणतात. तुमच्या पुस्तकात ते दोन ओळींत उरकले असेल. ज्याच्यावर करतात त्याला विचारा. पाय माझे आणि डोके दुसरीचे. पाणी मी ओढायचे, खत मी पचवायचे, दगडमातीशी मी भांडायचे, आणि लोकांनी वर बघून म्हणायचे, "काय सुंदर आहे हो ही!" मोठ्या घरातल्या थोरल्या सुनांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

वरची जी होती ती परदेशी वेल. तिची फुले जांभळी आणि ताटलीएवढी मोठी. तिच्या गळ्यात फुलाचे चित्र छापलेले कार्ड होते. त्यावरचे नाव इतके लांब होते, की नर्सरीवाला ते अर्धे उच्चारून म्हणे, "थोडक्यात, राणी आहे." तेव्हापासून मी तिला राणीसरकार म्हणू लागले. ती माझ्याशी बोलत नसे. तहान लागली की तेवढी पाने मुरडी.

एक दिवस एक उंच, ताठ बाई नर्सरीत आल्या. प्रसूतिगृहात मेट्रन होत्या. त्यांनी आमची पाने उलटून पाहिली, कुंडीतली माती बोटाने चाचपली आणि नर्सरीवाल्याची नखेही तपासली. त्याने हात मागे लपवले.

"दोन द्या," बाई म्हणाल्या. "एक मला, एक आमच्या धाकट्या जावेला. नवीन घरात राहायला जातेय. माझं झाड जगेल. तिचं काय होईल ते दिसेलच."

अशी माझी बहीण थोरल्या जाऊबाईंच्या घरी गेली आणि मी धाकटीच्या. दोघींच्या डोक्यावर एकेक राणी होती. आमची ताटातूट झाली तेव्हा निरोप घ्यायला आम्हाला तोंडसुद्धा नव्हते.

धाकटी घरी शिवणकाम करी. पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश. तिचे मशीन मागच्या खिडकीपाशी होते आणि त्याच खिडकीखाली मला लावले. तिचे यजमान घड्याळे दुरुस्त करत. त्यांच्या घरात भिंतीभर घड्याळे होती आणि प्रत्येकात वेगळी वेळ होती. जेवायला उशीर झाला की ते आपल्या सोयीचे घड्याळ दाखवीत.

लावणीच्या वेळी थोरली स्वतः हजर होती. धाकटी खड्ड्यात माती लोटत होती आणि थोरली कमरेवर हात ठेवून उभी.

"नीट ऐक. हिचं डोकं उन्हात, पाय सावलीत. आणि या कलमाच्या गाठीच्या खालून काही फुटलं तर लगेच काढायचं. ते जंगली असतं."

"हो, जाऊबाई."

"हो म्हणायला काय जातंय. अगं, तुझ्या हातात निवडुंगसुद्धा जगला नाही."

"त्याला पाणी जास्त झालं होतं."

"त्याला माया जास्त झाली होती. पाणी तर तू विसरायचीस आणि आठवलं की बादलीभर ओतायचीस. ही वेल जगवून दाखव, मग मी तुला संसार येतो म्हणेन."

धाकटी हसली, पण ते वाक्य तिला लागले. थोरली जाईपर्यंत ती हसत राहिली आणि मग खिडकीत बसून सुईत दोरा ओवायला गेली, तर तिच्याने तो ओववेना. मी खालून पाहिले. त्या दिवसापासून ही वेल तिच्या दृष्टीने वेल राहिली नाही. परीक्षा झाली.

पहिल्या बहराला राणीसरकारांनी तीन फुले दिली. खरेच ताटलीएवढी. घड्याळवाले दुकान उघडायचे विसरून पाहत बसले. धाकटीने थोरलीला फोन केला, "आली बरं का, जांभळी!" थोरली म्हणाली, "माझ्याकडे पाच आलीत."

मग थंडीचे कोरडे दिवस आले. आमच्यात तेव्हा पाने गाळून झोपायची पद्धत आहे. राणीसरकार अशा वाळल्या, की सुतळी बरी. खरे तर त्या जिवंत होत्या. पण मला झोप कमी. गाठीच्या खालून माझा एक कोंब हिरवागार वर आला होता.

आता धाकटीची सवय सांगते. शिवणाऱ्या माणसाला सुटलेला दोरा दिसला की हात थांबत नाही. पाहुण्यांच्या बाहीचा दोरासुद्धा ती बोलता बोलता कापून टाकी. त्या दिवशी ती कात्री घेऊन खिडकीबाहेर वाकली. वर सगळा वाळका गुंता, खाली एक हिरवा कोंब. "अरेरे, एवढंच राहिलंय वाटतं जिवंत," ती पुटपुटली आणि गाठीच्या वरचे सगळे एका झटक्यात कच्‌कन कापून टाकले. मग माझ्या कोंबाला मऊ चिंधीने पाइपाला बांधले आणि पाणी घातले. बादलीभर.

मित्रांनो, राणी गेल्याचे मला दुःख झाले असे मी म्हणू शकते. पण खोटे कशाला बोलू?

मी वाढले. खिडकीच्या वर गेले, गच्चीला टेकले. धाकटी दृष्ट काढावी तशी पाहत राही. "राणीनं काय जोर धरलाय," ती सांगत सुटली. आणि बहर आला तेव्हा भिंतभर लहान लहान साईच्या रंगाची फुले उमलली. चार चार पाकळ्यांची, मध्ये केसरांचा झुबका, आणि गोड वास. मधमाश्यांनी नुसता गोंधळ घातला.

धाकटी खिडकीत आली, तिने पाहिले, आणि खाली बसली.

"अहो," तिने हाक मारली, "ही पांढरी का झाली?"

घड्याळवाल्यांनी डोळ्याला लावलेले भिंग तसेच ठेवून मला न्याहाळले. "हवा बदलली असेल."

पण कार्डावर फुलाशेजारी पानही छापले होते. राणीची पाने रुंद, गुळगुळीत कडेची. माझ्या एका देठावर पाच छोटी पाने, आणि प्रत्येकाच्या कडेला दाते. धाकटीने कार्ड माझ्या पानाशेजारी धरले आणि काय झाले ते तिला उमगले. तिने कार्ड पिठाच्या डब्यामागे लपवले. फोन वाजला तेव्हा ती थोरलीला म्हणाली, "जोरात आहे, जाऊबाई. भिंत झाकली." यात खोटे काही नव्हते.

पुढची वर्षे अशीच गेली. थोरली यायची म्हणाली की राणी नुकतीच फुलून गेलेली असे, किंवा यंदा विश्रांती घेत असे, किंवा "कालच गारा पडल्या, जाऊबाई, सगळी गळाली." आमच्याकडे इतक्या गारा पडत होत्या, की हवामान खात्याने चौकशी करायला हवी होती. तिकडून थोरलीही सांगे, "माझ्याकडची ताटलीएवढी नाही, आता ताटाएवढी झालीत." धाकटी फोन ठेवून माझ्याकडे बघे. मी काय करणार? मी होते तेवढीच होते.

माझे कामाचे दिवस मात्र तेच. भर उन्हात धाकटीच्या मशीनवर सावली धरली ती मी. भिंतीचा पोपडा सुटला होता, तो झाकला मी. पाइप वाऱ्याने निखळला तेव्हा त्याला दोन दिवस धरून ठेवला तोही मीच, दुरुस्तीवाला म्हणाला, "वेल नसती तर कुणाच्या तरी डोक्यात गेला असता." बहर ओसरला की माझ्या बियांना पांढरी पिसे फुटत आणि मी पिंजारलेल्या केसांच्या म्हातारीसारखी दिसे. शेजारची पोरे फुंकरा मारून ती उडवीत. कौतुक एवढेच. धाकटीच्या आईला तर मी भुताटकी वाटले. पण धाकटी काम करता करता कधी हात बाहेर काढून माझा वेढा बोटावर घेई. मला काकडीसारखे कुरळे ताणे नाहीत, मित्रांनो. माझा पानाचा देठच जे सापडेल त्याला गुंडाळतो, बाळ बोट धरते तसा. तिची अंगठी मी एकदा सोडतच नव्हते.

मग एक दिवस फोन आला. थोरलीच्या डोळ्यांतले मोतीबिंदू काढले होते.

"आता सगळं लख्ख दिसतंय," तिचा आवाज खिडकीबाहेर मलासुद्धा ऐकू आला. "शनिवारी येते. आणि या वेळी राणी फुलेपर्यंत मुक्काम."

घरात धावपळ उडाली. घड्याळवाले कुदळ घेऊन आले.

"मुळासकट काढू आणि सांगू, रोग पडला, गेली बिचारी."

माझी मुळे जागच्या जागी आखडली.

"आणि त्या म्हणतील, बघा, निवडुंगाची दुसरी आवृत्ती," धाकटी म्हणाली. "इतकी वर्षं मी जगवलीय म्हणून सांगितलं. आता मेली म्हणू?"

"मग खरं सांग."

"तुमच्या वहिनींना? तुम्ही सांगा."

घड्याळवाल्यांनी कुदळ भिंतीला टेकवली. "तशी घाई नाही," ते म्हणाले.

धाकटी माझ्यापाशी येऊन उभी राहिली. माझा एक वेढा तिने सोडवून पाहिला आणि परत होता तसा घातला. "हिला कशी काढू?" ती हळूच म्हणाली. "हिनं तर माझं नाक राखलं." मग तिची नजर कापडाच्या ढिगाकडे गेली. नाटकमंडळींच्या पडद्याचे जांभळे सॅटिन उरले होते.

तिने फुले शिवली. सहा सहा पाकळ्यांची, आतून अस्तर लावलेली, मध्ये पिवळ्या दोऱ्याचे केसर. घड्याळवाल्यांनी शिडी लावून बारीक तारेने ती माझ्या अंगावर उंच उंच बांधली. मी नेमकी तेव्हाच बहरात होते. माझ्या शेकडो खऱ्या फुलांत ती डझनभर खोटी. एक तर त्यांनी उलटेच बांधले. एक मधमाशी सॅटिनवर बसली, दोन पावले चालली आणि अपमान झाल्यासारखी उडून गेली.

शनिवारी थोरली आली ती दिवेलागणीला. बॅग खाली ठेवायच्या आधी खिडकीपाशी गेली. धाकटीने मुद्दाम बाहेरचा दिवा लावला नव्हता. थोरली कितीतरी वेळ वर बघत राहिली. तिने ना माती तपासली, ना पाने.

"दिसलं गं," ती एवढेच म्हणाली. आवाज मेट्रनचा नव्हता. मग नाक वर करून, "पण वास कसला येतोय?"

"शेजाऱ्यांकडचा," धाकटी म्हणाली आणि तिला जेवायला घेऊन गेली.

पहाटे पावसाची एक सर येऊन गेली. सॅटिनचा रंग कच्चा निघाला. पांढऱ्या भिंतीवरून जांभळे ओघळ थेट नळापर्यंत आले. माझी काही पांढरी फुलेही उगाचच जांभळट झाली. घड्याळवाले ते पाहून दुकानात गेले आणि त्यांना एकाएकी खूप काम निघाले. धाकटीने थोरलीला सकाळभर पुढच्या खोलीत बसवून ठेवले.

पण दुपारी धाकटीचा डोळा लागला. जाग आली तेव्हा मागच्या अंगणातून स्टूल सरकल्याचा आवाज आला. थोरली स्टुलावर उभी होती. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात ओला रुमाल, आणि बोटे जांभळी.

"जाऊबाई, कात्री कशाला?"

"तू आधी सांग. फुलाला शिवण कशी?"

धाकटीने जरा विचार केला. "हल्ली येते."

"अस्तरही आहे."

"उन्हानं कोमेजू नये म्हणून."

थोरली स्टुलावरून उतरली. तिने माझे एक पान तोडले आणि नव्या डोळ्यांनी पाहिले. "ही राणी नाहीच. ही रानवेल आहे. देठावर पाच पानं, कडेला दाते. जून खोडाची साल बघ, पट्ट्यापट्ट्यांनी सुटते. पानं समोरासमोर, देठाचा वेढा, आणि हा वास. अगं, हिला तर मी आंधळी असतानाही ओळखलं असतं."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आले. "मीच कापली. पहिल्याच थंडीत. मला वाटलं, वाळली. तुम्ही खालचं काढ म्हणालात आणि मी वरचं काढलं. तुम्ही म्हणालात ते खरंच आहे, माझ्या हातात काही जगत नाही."

धाकटीने पदराने डोळे पुसले आणि पुसता पुसताच थांबली.

"पण जाऊबाई, तुम्ही हिला इतकं कुठून ओळखता? तुमच्याकडे तर राणी आहे. ताटाएवढी."

थोरली ओल्या रुमालाची घडी करू लागली. घरातली घड्याळे आपापल्या वेळा सांगत राहिली.

"मुंग्या लागल्या होत्या," थोरली म्हणाली.

"कुणाला?"

"राणीला. पहिल्याच वर्षी. मग मी फिनेल घातलं."

"झाडाला?"

"प्रसूतिगृहात आम्ही सगळ्याला तेच घालायचो."

"मग?"

"मग काय. मुंग्या राहिल्या, राणी गेली. खालून ही आली. फिनेल पिऊन आली, म्हणजे बघ. तेव्हापासून माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे."

मित्रांनो, माझी बहीण जिवंत होती. फिनेल पिऊन, ताठ मानेने, एका मेट्रनच्या खिडकीत. मला आनंदाने हलायचे होते, पण वारा नव्हता. आमच्या घराण्याला वाऱ्याने कधी वेळेवर साथ दिली नाही.

"आणि ही कात्री?" धाकटीने विचारले.

"तुझ्या राणीची एक फांदी ओल्या रुमालात गुंडाळून न्यावी म्हटलं, गुपचूप. डोळे नवे झाल्यावर पहिलं ते जांभळं बघायचं, असं मी ऑपरेशनच्या टेबलावरच ठरवलं होतं." थोरलीने आपल्या बोटांकडे पाहिले. "काल बघितलं."

"ते सॅटिन होतं हो, जाऊबाई."

"असू दे. जांभळं होतं. माझ्यासाठी आजवर कुणी फुलं शिवली नव्हती."

धाकटी रडत होती ती हसायला लागली. थोरली नुसते ओठ दाबून उभी होती. तेवढ्यात घड्याळवाले घरी आले. त्यांना यातले काही माहीत नव्हते. मागचे दार उघडून ते मोठ्या उत्साहाने म्हणाले, "काय वहिनी, यंदा बहर जोरात आहे ना?"

"आहे की, भावजी. पण तुमच्या बहरातलं एक फूल उलटं उगवलंय."

मग मात्र थोरलीला हसू आवरेना. पडू नये म्हणून तिने पाइप धरला, आणि पाइप मी धरला होता.

ती माझ्या फुलांना पिसे फुटेपर्यंत राहिली. जाताना तिने पिठाच्या डब्यामागचे कार्ड शोधून काढले, चित्रावर काट मारली आणि ते माझ्याच खोडाला बांधले. "निवडुंगाचं सोड," ती धाकटीला म्हणाली. "संसार येतो तुला. खोटं बोलायला तेवढी शीक. तुझ्या गारांवर माझा कधीच विश्वास बसला नव्हता."

आता त्या दोघी फोनवर विचारतात, "तुमच्या राणीसरकार कशा आहेत?" तेव्हा दोन्हीकडे आमचीच चौकशी असते. डोक्याशिवाय आलेल्या पायांना एवढा मान पुष्कळ झाला.

मित्रांनो, आता मी थकले आहे. माझे एवढेच मागणे आहे. थंडीत वाळकी वेल दिसली तर कात्री चालवायच्या आधी नखाने साल जराशी खरवडून बघा. आत हिरवे दिसले तर ती झोपली आहे. तिला झोपू द्या. माझी पाने तोंडात घालू नका, आणि माझ्या रसाने हातावर पुरळ येते, हेही लक्षात ठेवा. डोके उन्हात, पाय सावलीत. फिनेल नको. आणि भिंतीवर कुणी माजलेले दिसले तर कोयता शोधण्यापूर्वी देठावरची पाने मोजा. पाच असली आणि कडेला दाते असले, तर ओळख असू द्या.

ते उलटे बांधलेले सॅटिनचे फूल अजून माझ्या अंगावर आहे. रंग सगळा गेला. गेल्या साली एका बुलबुलाने त्याचे अस्तर ओढून घरट्यात घातले आणि त्यात पिल्ले वाढवली. राणीसरकारांच्या नावाने झालेले एवढे एकच काम मला माहीत आहे.